किरण आला की किरण आली? तुमचे अनुभव लिहा

धागा काढायला निमित्त कालचा फोन. "किरण मॅडमना देता का?" म्हटलं बोलतोय की. तर म्हणे "तुम्ही नको हो, मॅडमनाच द्या". शेवटी ठेवला फोन. आता दमलो. घरात कुणी किरण असेल, बाई असो की बुवा, तर लिहा बरं काय काय होतं ते.

*

मी बाई-किरण. शाळेत वर्गात एक मुलगा पण किरण, हजेरीला दोघं एकदम ओरडायचो, मग बाईंनी वहीत आमच्यापुढे कंसात कु. आणि चि. लिहिलं. तेव्हापासून तो पोरगा मला "ए कंस" म्हणायचा, अजून म्हणतो.

*

हिंदीवाल्यांबरोबर काम करा म्हणजे कळेल. आपला आशेचा किरण, त्यांची आशा की किरण! संस्कृतात पण पुल्लिंगीच आहे शब्द, कॄ म्हणजे विखुरणे उधळणे त्यावरून आलेला, पण हिंदी-उर्दूत स्त्रीलिंगी झाला, त्यामुळे तिकडे किरण म्हटलं की बहुतेक मुलगीच डोळ्यासमोर येते. मी आपला किरण मोरे किरण मोरे करत बसतो आणि समोरचा शांतपणे किरण बेदी म्हणतो, विषय संपला.

*

आयर्लंडमध्ये आहे सध्या. इथे माझं नाव सगळे परस्पर कीरन करून टाकतात, मेलमध्ये स्पेलिंगसुद्धा सुधारून पाठवतात, जसं काही मलाच माझं नाव लिहिता येत नाही. ते खरं वेगळंच नाव आहे, आयरिश किआरान, किअर म्हणजे काळा त्यावरून, अर्थ साधारण छोटा काळ्या! आईला सांगितलं तर म्हणे, आम्ही उजेड म्हणून ठेवलं होतं, तू तिकडे जाऊन काय करून घेतलंस.

*

जर्मनीतून. मुलीचं नाव किरण ठेवलं, नोंदणीला काहीच त्रास झाला नाही, याचं श्रेय दुसऱ्याच एका किरणला. इथे पूर्वी नावावरून मुलगा का मुलगी ते कळलंच पाहिजे असा आग्रह असायचा. भारतीय मुळं असलेल्या एका घरात लेकीचं नाव किरण ठेवलं तर अधिकारी नोंदवेनात, आईबाप पार घटना न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये कोर्ट म्हणालं की असं बंधन कायद्यात नाहीच, नाव चालेल. एवढुशा पोरीच्या नावासाठी देशाचं सर्वोच्च घटनापीठ, मला तर वाचून भरूनच आलं.

*

आमच्याकडे नवरापण किरण, मीपण किरण. पत्रिका छापायला दिली तर प्रेसवाल्याचा फोन, "अहो मुलीच्या जागी पण मुलाचंच नाव पडलंय, मी दुरुस्त करून टाकलंय, काळजी करू नका." काय दुरुस्त केलं विचारलं, तर तिथे त्याने माझ्या बहिणीचं नाव टाकलं होतं, खाली किलबिल मंडळींत सापडलं म्हणे.