मोबाईल क्रशर: फायद्याचा की नुसती हौस?

काळा_कातळ: आजकाल छोटं रस्त्याचं काम मिळालं तरी कंत्राटदार आधी ट्रॅकवाल्या मोबाईल क्रशरचं, म्हणजे साईटवर फिरवता येणाऱ्या दगड फोडायच्या मशीनचं, कोटेशन मागवतो. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या काळ्या दगडात ही हौस आहे. बेसाल्ट इतका कडक की जॉच्या (दगड चावणाऱ्या जबड्याच्या) मँगनीज प्लेटा मोबाईल काय नि फिक्स काय, दोन्हीकडे झिजणारच, पण एका जागी बसवलेला फिक्स प्लांट थ्री फेज लायटीवर चालतो आणि गावातला वेल्डर-फिटर तो उभा करतो. मोबाईलचा एखादा सेन्सर गेला की कंपनीचा माणूस येईपर्यंत पोकलेन, हायवा, ड्रायव्हर सगळे बसून, हप्ता मात्र चालूच.

घाटरस्ता: दादा तुम्ही लीड, म्हणजे वाहतुकीचं अंतर, धरलंच नाही. डोंगर कापून रस्ता जातो, कटिंगचा दगड तिथंच पडलेला, तो हायवात भरून ४० किमीवरच्या प्लांटला न्यायचा, फोडायचा आणि परत तिथंच आणून ओतायचा?? एक ब्रास (१०० घनफूट) खडी म्हणजे साधारण साडेचार टन वजन, दोन्ही बाजूचं डिझेल लावून बघा. आणि नव्या मशीन बाहेरची लाईट घेऊनही चालतात.

काळा_कातळ: डोंगराळ भागात लाईट आणणार कुठून, जनरेटरच ना? बरं, जीएसबीपुरतं (रस्त्याच्या खालच्या थरापुरतं) मान्य करतो. पण काँक्रीटला एकट्या जॉचा चपटा माल चालत नाही, मागे कोन क्रशर पाहिजे, चाळण्या पाहिजेत, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) काढायची तर व्हीएसआय (दगड आपटून बारीक करणारं मशीन) पाहिजे. हे सगळं ट्रॅकवर घेतलं की किंमत कुठल्या कुठे जाते. आणि नदीची वाळू मिळेना झाल्यापासून खरा पैसा क्रश सँडमध्येच आहे, त्याला एका जागी पाच-दहा वर्षं चालणारा प्लांटच लागतो.

पाडकाम_पुणे: तुम्ही दोघं दगडातच अडकलात. रिडेव्हलपमेंटमध्ये जुन्या बिल्डिंगचं काँक्रीट निघतं, तिथं मोबाईल इम्पॅक्टर (आपटून फोडणारा क्रशर) एक नंबर, चुंबकाने सळई बाजूला काढतो. खडी-वाळूच्या आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत एम२५ ग्रेडपर्यंतच्या आरसीसीत २० टक्के रिसायकल खडी चालते, साध्या काँक्रीटला २५. फक्त तो इम्पॅक्टर बेसाल्टला लावू नका, ब्लो बार (आपटणारे दांडे) बघता बघता झिजून जातील.

कांदा_उत्पादक: तुमचा हिशोब ब्रासवर, आमचा पिकावर. फिक्स प्लांटवाल्याला निदान पत्र्याचं शेड आणि भिंत बांधायला लावता येतं, तक्रार करायला एक पत्ता असतो. मोबाईलवाला म्हणतो आम्ही दोन महिन्यात जाणार, मग शेड कोण बांधतंय. तेवढ्यात धूळ पातीवर बसून कांदा पोसायचा राहतो त्याचं काय

घाटरस्ता: भाऊ, मशीनवर पाण्याचे नोझल असतात की, धूळ दबते. आणि फिरता असला तरी प्रदूषण मंडळाची संमती लागतेच.

कांदा_उत्पादक: नोझल आमच्याही इथं होते. उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो आमच्याकडं, नोझलला पाणी कुठून सोडणार होते?

काळा_कातळ: +१. माझ्या प्लांटवर शेततळं आहे त्यासाठीच.