तुरळ-राजवाडीचं गरम पाणी: खोल बोअर मारून बघायचं की नाही?

रानवाट
रत्नागिरी जिल्ह्यात गरम पाण्याचे झरे किती: तुरळ, राजवाडी, आरवली, तिकडे उन्हवरे. उन्हवऱ्याचं पाणी तर 70 अंशांच्या आसपास. पाण्यात सिलिका (वाळूत असतं ते खनिज) किती विरघळलंय यावरून खालच्या पाण्याचं तापमान काढतात, ते कोकणात शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत येतं. पण हा झाला अंदाज. देशाची भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज करण्याची क्षमता 10,600 मेगावॅट, हा आकडाही वर्षानुवर्षं कागदावरच आहे. माझं मत: संगमेश्वर भागात दोन-तीन किलोमीटर बोअर मारून खडक तपासाच.

कातळ
माझा विरोध. झरा गरम म्हणजे खाली भट्टी पेटलीय असं नसतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं, एवढंच. आपला बसाल्ट, म्हणजे लाव्ह्यातून झालेला काळा खडक, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्या लाव्ह्याची ऊब केव्हाच गेली. दख्खनमध्ये जमिनीतून वर येणारी उष्णता बऱ्याच ठिकाणी चौरस मीटरमागे 40-45 मिलिवॅट. खंडांची जागतिक सरासरी 65 च्या आसपास आहे. खालच्या घट्ट ग्रॅनाइटमधून उष्णता काढायची तर दाबाने पाणी सोडून भेगा उघडाव्या लागतात. दक्षिण कोरियात पोहांगला तेच केलं आणि 2017 मध्ये 5.5 तीव्रतेचा भूकंप झाला. आपण तर कोयनेच्या शेजारी राहतो! 1967 विसरलात?

रानवाट
विसरलो नाही. आमच्या आजोबांच्या घराची भिंत तेव्हाच तडकली. पण भेगा पाडा असं मी म्हटलेलंच नाही, मोजा म्हणतोय. कोयनेतच भूकंपाच्या अभ्यासासाठी गोठण्याला 3 किलोमीटरचा बोअर झाला. बसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि पुढे ग्रॅनाइट-नीस हा जुना कठीण खडक लागला, हे त्यातूनच नेमकं कळलं. आणि अलास्कातल्या चेना इथे 2006 पासून 74 अंशांच्या पाण्यावर वीज होतेय.

कातळ
चेनाचं अर्धं गुपित तिथल्या 4 अंशांच्या गार पाण्यात आहे. वीज मिळते ती गरम आणि गार यांतल्या फरकातून. मे महिन्यात संगमेश्वरात गार पाणी कुठून आणणार?

माहेर_राजवाडी
दादा, दोघांनीही विजेचाच धोशा लावलाय. जूनमध्ये आमसुलं वाळवताना पाऊस आला की काय होतं ते आमच्या घरी येऊन बघा. काजू वाळवायला, मासळी सुकवायला साठ अंश पुष्कळ झाले, त्याला टर्बाइन लागत नाही. आणि बोअरमुळे कुंडच आटलं तर? त्या पाण्याने आमच्या म्हाताऱ्यांचे गुडघे चालतात. लडाखच्या पुगा खोऱ्यात 2022 मध्ये बोअरमधलं पाणी ओढ्यात शिरलं, काम थांबवावं लागलं. आधी वर्षभर प्रत्येक कुंडाचं पाणी आणि तापमान नोंदवा, मग यंत्र आणा.

कातळ
ताई, वाळवणासाठी असेल तर मी तुमच्या बाजूने. तेवढ्याला दोन-तीनशे मीटरचा बोअरही चालेल. तीन किलोमीटरला मात्र माझा नकारच.

रानवाट
वर्षभराच्या नोंदी मलाही मान्य. तुरळच्या कुंडाचं तापमान दर रविवारी मी स्वतः घेईन. राजवाडीचं कोण घेईल?