उत्तर इंग्लंडमधल्या जहागीरदारांचे मनोरे गेले कुठे?

मंगळवारपेठकर: मुलगी न्यूकॅसलला शिकते, सुट्टीत तिकडं जायचा बेत आहे. स्कॉटिश स्वाऱ्यांच्या धास्तीनं तिथल्या जहागीरदारांनी मनोऱ्यासारखी दगडी घरं बांधली होती म्हणे. 1415 च्या यादीत एकट्या नॉर्थम्बरलँडमध्ये किल्ले आणि मनोरे मिळून शंभराहून जास्त आहेत. आज त्यातले बरेच दिसत नाहीत. पाडले कुणी?

ओळंबा: शत्रूपेक्षा मालकांनीच जास्त संपवले. जुने वाडे उतरवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळं मला यात नवल वाटत नाही. 1296 पासून इंग्लंड-स्कॉटलंडची सरहद्द पेटली, 1314 ला बॅनॉकबर्नच्या लढाईत इंग्रज हरले आणि स्कॉट बिनधास्त आत घुसायला लागले. मग हे मनोरे. खाली बहुधा कमानीच्या छताचं कोठार (आपल्या अंबरखान्याचाच हिशेब, दाणागोटा जाड दगडाच्या पोटात), वर बैठक, त्याच्या वर निजायची खोली. जिना भिंतीच्या जाडीतूनच गोल फिरत जातो.

1603 ला दोन्ही देशांचा राजा एक झाला, पुढं लुटालूट मोडून काढली. आता त्या अंधारात कुडकुडत राहायचं कशाला? पैसेवाल्यानं मनोऱ्याला चिकटून मोठ्या खिडक्यांचं घर काढलं. नॉर्थम्बरलँडमधल्याच बेल्सेला 1614 साली, चिपचेसला 1621 साली. बाकीच्यांचे दगड गोठ्यात आणि कुंपणात गेले. तो दगडही काही वेळा दुसऱ्या हातचा! कॉर्ब्रिजला पाद्र्याचा मनोरा आहे, तो जुन्या रोमन वस्तीचे दगड आणून रचलाय.

गडवेडी: काका, ‘बॅसल’ म्हणतात ते हेच का?

ओळंबा: नाही ताई. ती नंतरची, 16-17 व्या शतकातली, बऱ्यापैकी शेतकऱ्याची घरं. खाली जनावरं, वर माणसं.

मंगळवारपेठकर: मग घरात दडलेला मनोरा ओळखायचा कसा?

ओळंबा: भिंत बघा, साहेब. सगळ्या घराची भिंत दोन फुटी आणि एकाच कोपऱ्यात ती पाच-सहा फूट भरली, खिडकीच्या कोनाड्यात माणूस मावला, की शंका घ्यायची. बेल्सेला तिकीट काढून आत जाता येतं, तिथं नजर तयार करा. चिपचेस खाजगी आहे. आपल्यासारखं ‘जरा वाडा बघू का’ म्हणत थेट सोप्यात शिरू नका, आधी चौकशी करा.