झाडीपट्टीच्या नाटकांच्या संहिता कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. यंदा दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या वडसा, ब्रह्मपुरी भागात झाडीपट्टीची (म्हणजे तिकडच्या जंगलपट्ट्यातली) बरीच नाटकं पाहिली. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत मंडपातून कुणी हलत नाही. शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावी तर पाय ठेवायला जागा नव्हती. एका वयस्कर नटाचा आवाज पार बसला होता, तरी वन्समोअर आला तेव्हा ऑर्गनवाल्याकडे बघून त्यांनी अख्खं पद पुन्हा म्हटलं! २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, फार आनंद झाला. पण ही नाटकं वाचायची तर पुस्तकांच्या दुकानात काहीच सापडत नाही. वडशात नाटक मंडळांच्या ऑफिसात संहिता मिळतात का, की थेट लेखकांनाच विचारावं? कुणी मिळवल्या असतील तर कृपया सांगा.