मदत हवी आहे: बेलच्या प्रमेयाने नक्की काय बाद होतं?

सीझियम-१३७ चं अर्धायुष्य साधारण ३० वर्षं, म्हणजे ढिगातल्या निम्म्या अणूंचा तेवढ्यात किरणोत्सारी क्षय होणार हे पक्कं, पण याच अणूचा आज का झाला आणि शेजारचा, अगदी डिट्टो तसाच, अजून का टिकलाय याला कारणच नाही म्हणे. नाणेफेकीचं उदाहरण प्लीज नको, तिथे कारण असतं, आपल्याला मोजता येत नाही एवढंच. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलचं १९६४ चं प्रमेय (क्वांटममधल्या अशा योगायोगामागे छुपं कारण असू शकतं का, याची कसोटी देणारं) आणि त्या कसोटीचे २०१५ चे, लूपहोल म्हणजे पळवाटा बंद केलेले प्रयोग वाचलेत, त्यावरून वाटलं छुपं कारण संपलं, तर भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोहमचं १९५२ चं मॉडेल समोर आलं, त्यात सगळं आधीच ठरलेलं आणि तरी उत्तरं क्वांटमचीच! गणित बारावीपर्यंतचं येतं, कर्म-नशीब सध्या बाजूला ठेवू. मग बेलमुळे बाद काय होतं, छुपं कारण असणंच की फक्त प्रकाशाच्या वेगाची मर्यादा पाळणारं छुपं कारण?