सिझेरियनच्या ऑडिटसाठी नोंदप्रणाली कशी आखावी?

प्रश्न (स्त्रीरोगतज्ज्ञ, तालुक्याचे ठिकाण):
आमच्या प्रसूतिगृहात संगणकीय नोंदी सुरू होऊन दोन वर्षे झाली, तरीही रॉब्सन वर्गीकरणानुसार (प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रियांची 10 गटांत विभागणी) सिझेरियनचे ऑडिट करायचे म्हटले की दर महिन्याला केसपेपरचे गठ्ठे उपसावे लागतात. आधीच्या सिझेरियनची नोंद कुठे ‘मागचे सिझर’, कुठे ‘प्रीव्ह. एलएससीएस’, तर कुठे नुसता पोटावरील व्रणाचा उल्लेख अशी सापडते. नवी प्रणाली करून घेताना सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद (सॉफ्टवेअर अभियंता):
हवा असलेला तक्ता आधी कागदावर काढा आणि त्यातील प्रत्येक आकडा कोणत्या नोंदीतून येणार, ते शोधत मागे या. रॉब्सनचे 10 गट मोजक्या बाबींवर ठरतात : आधीची बाळंतपणे व सिझेरियन, गर्भांची संख्या, बाळाची स्थिती, गरोदरपणाचे आठवडे आणि कळांची सुरुवात. या बाबींसाठी निवडीचे रकाने ठेवा; गट मात्र संगणकानेच काढावा. ‘नाही’ आणि ‘भरलेच नाही’ यांत फरक राहिला पाहिजे.

प्रतिसाद (ज्येष्ठ प्रसूतितज्ज्ञ):
यात कळांची सुरुवात हा रकाना सर्वांत नाजूक आहे. 39 आठवड्यांची पहिलटकरीण, एकच बाळ, डोके खाली. कळा आपोआप सुरू झाल्या असतील तर ती गट 1 मध्ये, औषधाने आणल्या असतील तर गट 2 मध्ये जाते. परंतु आपोआप सुरू झालेल्या कळा वाढवण्यासाठीही ऑक्सिटोसिन हेच कळांचे औषध देतात आणि तेव्हा गट 1 च राहतो. त्यामुळे महिनाअखेरीस औषधांची यादी पाहून हा निर्णय करता येत नाही. ऑक्सिटोसिनची ऑर्डर देतानाच कारण विचारले गेले पाहिजे. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये हे वर्गीकरण सुचवले ते प्रसूतीसाठी दाखल होणाऱ्या सर्व स्त्रियांसाठी. नॉर्मल प्रसूतींचे रकाने रिकामे राहिले, तर सिझेरियनचे प्रमाण काढताना भागायचे कशाने?

प्रतिसाद (लेबर रूममधील परिचारिका):
माझी एकच विनंती आहे. दाखल झाल्याची तीच तारीख आणि वेळ आम्ही केसपेपरवर, रजिस्टरमध्ये आणि पुन्हा संगणकात लिहितो. नवे रकाने वाढवणार असाल, तर रजिस्टरचे पान त्याच नोंदीतून छापून मिळू द्या. रात्रपाळीला दोघीच असताना बाळ-बाळंतिणीला सोडून तिसऱ्यांदा लिहायला बसणे आम्हाला शक्य होत नाही.