ट्रेकवर गहू नाही, दूध-तूपही नाही: शिधा कसा बांधता?

डोंगरकाठी
डिसेंबर आला की रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड ही वाट भरून वाहते. आता बऱ्याच गटांत एखादा सिलियाकवाला आणि एखादा व्हीगन असतोच. एकाला गहू-जव चालत नाहीत, दुसऱ्याला दूध, तूप, मध. दोघांना पुरेल असा शिधा कसा बांधता ते लिहा. माणशी किती ग्रॅम, शिजायला किती वेळ, कुठे फसगत होते, असं नेमकं. "भरपूर फळं न्या" वगैरे नको, पाठीवर वाहायचंय.

खमंग_काकू
दोन स्वयंपाक करू नका. सगळ्यांनी तेच खायचं. वेगळं पातेलं ठेवलं तरी अंधारात पळी इकडची तिकडे होतेच. तांदूळ, पोहे, वरई, नाचणी, ज्वारी, बाजरी, डाळी, दाणे एवढं असताना गहू आणि दूध वगळून कुणी उपाशी राहत नाही. घोळ धान्यात नसतो, मसाल्याच्या डब्यात असतो.

आधी हिंग बाहेर काढा. बाजारातली हिंगाची पूड बहुतेक वेळा मैदा नाहीतर गव्हाचं पीठ मिसळूनच केलेली असते. हिंग गेला की त्यामागोमाग गोडा मसाला, लोणचं, उडदाचे पापड आणि तयार चिवडाही तपासायला आला, कारण त्यांतही हिंग असतो. मेतकुटात भाजलेला गहू घालतात. थालीपिठाच्या भाजणीतही घालतात. सातूचं पीठ तर गहू आणि डाळ्याचंच. सोया सॉसमध्ये गहू असतो. ओट्स "ग्लुटेन-फ्री" छापलेलेच घ्यायचे (ग्लुटेन म्हणजे गहू-जवातलं प्रथिन, सिलियाकवाल्याला तेच चालत नाही). आपल्याकडे तसं छापायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. फोडणीला हिंगाऐवजी लसूण किंवा जिरं-ओवा. दिवसभर चालून आल्यावर कुणाला फरक कळत नाही.

पाटावरवंटा
काकूंना +१, पण गिरणी राहिली. गव्हामागून लगेच ज्वारी दळली तर सुरुवातीच्या पिठात गहू येतोच, आणि "आधी थोडे तांदूळ टाका" म्हणून सिलियाकवाल्याचं भागत नाही. जिच्यात गहू कधी पडलाच नाही अशी घरघंटी मिळाली तर उत्तम. नाहीतर प्रमाणित पाकीट. बेसनाला गिरणीची गरजच नाही: हरभराडाळ निवडा, मंद आचेवर भाजा, पूर्ण गार करून मिक्सरवर दळा आणि दोनदा चाळा. वरचा रवाळ भाग परत फिरवा. डाळ गरम असताना फिरवली तर पीठ ओलसर होऊन भांड्याला चिकटतं.

सुकटबोंबील
नाव बघून हसू नका, आमच्या गटात व्हीगन रांधणं माझ्याकडेच असतं. हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका, त्यात दूध बसतं. सगळ्यात जास्त फसवतं ते नारळाच्या दुधाचं पावडर. पुष्कळ पाकिटांत घटकांच्या ओळीत सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधातलंच प्रथिन. चहाच्या तयार मिश्रणात दूध पावडर, एनर्जी बारमध्ये मध किंवा व्हे (तेही दुधातलंच), राजगिऱ्याच्या लाडवाला आणि चिकीच्या ताटाला तूप. चिकी घरी करा, ताटाला शेंगदाण्याचं तेल लावा.

दुधाचा हट्ट सोडा. गवती चहा, आलं, गूळ, वरून लिंबू. सोयाचं दूध उकळत्या चहात ओतलं की फाटायची शक्यता जास्त. हवंच असेल तर चहा खाली उतरवून दोन मिनिटं थांबा आणि चहा दुधात थोडा थोडा ओता, दूध चहात नाही.

खमंग_काकू
सहा जणांच्या एका रात्रीचं कोरडं पिठलं देते. बेसन २५० ग्रॅम, तेल ४ मोठे चमचे, लसूण १५ पाकळ्या, मोहरी आणि जिरं एकेक चमचा, हळद १, तिखट २, मीठ अडीच लहान चमचे. लसणाचे पातळ काप तेलात पूर्ण कुरकुरीत तळा. ते मऊ राहिले तर त्यांच्या ओलाव्याने सगळं पीठ खवट होतं. मग मोहरी-जिरं, हळद-तिखट आणि लगेच बेसन. मंद आचेवर १० ते १२ मिनिटं, वास सुटेपर्यंत. मीठ घालून पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरा.

गडावर: एकूण १ लिटर पाणी. त्यातलं ३०० मिली गार पाणी घालून पीठ कालवून घ्या, उरलेलं उकळा, कालवलेलं पीठ ओता, सतत हलवत पाच-सहा मिनिटं. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की वरून शिजलेले, आतून कच्चे गोळे होतात. शेवटी दोन-तीन आमसुलं.

सोलापुरी_शेंगा
पिठल्याबरोबर कडक भाकरी न्या. ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ, निखळ कोरडी. ओली हवा लागू दिली नाही तर आठवडे टिकते आणि वजन नाममात्र. माणशी प्रत्येक जेवणाला दोन. नेहमीची भाकरी दुसऱ्या दिवशी दुपारी मोडते, तिसऱ्या दिवशी तिला बुरशीचा वास येतो. विकतची घेताना मात्र त्या जागी चपात्याही लाटतात का, ते विचाराच. सॅकमध्ये चुरा होणार हे गृहीत धरा. चुरा पिठल्यात पाच मिनिटं भिजवून खायचा, तोच जास्त चांगला लागतो. सोबत शेंगाचटणी, माणशी रोज ३० ग्रॅम. चटणीला स्वतंत्र चमचा बांधून ठेवा. दुसऱ्याच्या पोळीला लागलेला चमचा बरणीत गेला की ती बरणी सिलियाकवाल्याच्या कामाची उरत नाही.

गॅसचा_हिशेब
अभयारण्याचा भाग आहे, चूल विसरा. २३० ग्रॅमचं डबडं धरून बोलतो. वाऱ्याला नीट आडोसा असेल तर लिटरभर पाणी उकळायला साधारण १५ ते २० ग्रॅम गॅस जातो, उघड्यावर दुप्पटही. आडोसा डबड्याभोवती पूर्ण गुंडाळू नका, डबडं तापून फुटू शकतं. पहाटे थंडीत ज्योत मरगळते, रात्री डबडं स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. रेल्वेत आणि विमानात हे नेता येत नाही, स्वतःच्या गाडीने जाणार असाल तरच.

तूरडाळ, छोले, राजमा घरीच ठेवा. हरिश्चंद्रगड सुमारे १४२४ मीटर, तिथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूर तासभर बोटचेपी होत नाही. मूग किंवा मसूर घ्या. खिचडीला माणशी तांदूळ ९०, मूगडाळ ४० ग्रॅम, पाणी ४०० मिली. तंबू ठोकताना अर्धा तास भिजत घाला, मग २० मिनिटांत होते. वरई तर त्याहून लवकर.

डोंगरकाठी
खिचडी घरून वाळवून नेली तर? आणि चालताना दुपारी काय?

वाळवणवाली
नेता येते. खिचडी नेहमीपेक्षा मऊ शिजवा, तेल अजिबात नाही, कारण तेल वाळत नाही आणि खवट होतं. ट्रेवर जेमतेम पाव इंच पसरा, ६० अंशांवर आठ ते दहा तास. मधे एकदा उलटून गुठळ्या फोडा. बोटांत चुरली की झाली; मधे चिवट लागली तर परत आत. गडावर खिचडीच्या दीडपट मापाचं उकळतं पाणी, झाकण घालून टॉवेलात गुंडाळून २० मिनिटं. तेल आणि मीठ तेव्हा. अख्खे मूग असे परत फुलत नाहीत, दाताखाली खडे येतात.

दुपारी दडपे पोहे. पातळ पोहे माणशी ६० ग्रॅम, त्यावर सुकं खोबरं, दाणे, मीठ-साखर, घरीच केलेली मोहरी-मिरचीची फोडणी, सगळं आधी कालवून पिशवीत. जेवायच्या दहा मिनिटं आधी कांदा, लिंबू आणि माणशी चार-पाच चमचे पाणी. पाणी जास्त झालं की लगदा होतो. चालताना खायला शेंगदाणे, खारीक, गूळ.

अकोलेकर
कुमशेत, पाचनईत घरी जेवायची सोय होते, शिधा तेवढा हलका करा. भात आणि नाचणी घरचीच असते. पण मावशींना नुसतं "गहू नको" सांगितलं तर त्या प्रेमाने तांदळाची भाकरी करतील, तीही सकाळी चपातीची कणीक मळलेल्या परातीत. म्हणून आपलं पीठ द्या, परात आणि तवा आधी घासून घ्यायला सांगा, शक्य तर आपलाच छोटा तवा न्या, आणि भाकरीखाली लावायचं पीठही आपल्याच पिशवीतलं. आमटीत त्यांचा हिंग पडायच्या आत सांगायला हवं, म्हणजे पोचल्या पोचल्या, जेवायला बसताना नाही. आणि भाकरीवर तूप नको हे वेगळं सांगा. ते न विचारताच वाढतात.